स्ट्रिंगमधली अक्षरं, अंक, स्पेस मोजताना या चुका टाळा

स्ट्रिंग म्हणजे एकामागोमाग ठेवलेली कॅरेक्टरं. ती मोजणारा प्रोग्राम जेमतेम दहा ओळींचा असतो. एकेक कॅरेक्टर तपासायचं आणि चारपैकी एक काउंटर वाढवायचा: अक्षरं, अंक, स्पेस, बाकीचं. तरी उत्तर चुकतं. अशा वेळी कोड वाचत बसण्याआधी मी चारही काउंटरची बेरीज करून ती स्ट्रिंगच्या लांबीशी ताडून बघतो.

बेरीज जास्त आली, तर बहुधा 'इफ' एकाखाली एक नुसतेच लिहिलेले असतात आणि शेवटचा 'एल्स' फक्त शेवटच्या 'इफ'चा असतो. मग प्रत्येक अक्षर स्वतःच्या काउंटरमध्ये जातं आणि 'बाकीचं'मध्येही जातं. मध्ये 'एल्स इफ' हवं.

सी भाषेत आकडा अफाट आला, तर आधी काउंटरला शून्य दिलंय का बघा. दिलं असेल, तर दुसरा संशयित म्हणजे कॅरेक्टर अक्षर आहे का ते सांगणारं 'इजअल्फा'. हे फंक्शन 'हो' म्हणताना १ देईलच असं नाही, शून्य सोडून काहीही देऊ शकतं. लिनक्सवर अनेकदा १०२४ मिळतं. तो आकडा थेट काउंटरमध्ये मिळवला, की पाच अक्षरांची ५१२० होतात!

बेरीज जुळते पण वाटणी चुकते, ते शोधायला जास्त वेळ जातो. कॅपिटल ए ते स्मॉल झेड अशी एकच रेंज लावलेली असते. आस्कीमध्ये, म्हणजे कॅरेक्टरना आकडे देणाऱ्या तक्त्यात, कॅपिटल अक्षरं ६५ ते ९०, स्मॉल ९७ ते १२२. मधल्या ९१ ते ९६ या जागांवर दोन चौकटी कंस, बॅकस्लॅश, ^, अंडरस्कोर आणि बॅकटिक बसलेत. तेही अक्षरं म्हणून मोजले जातात. सीच्या 'एफगेट्स' फंक्शनने वाचलेल्या ओळीच्या शेवटी न्यूलाइन (ओळ संपल्याची खूण) असते, तीही 'बाकीचं'मध्ये गुपचूप एक वाढवते.

आता पायथॉनला 'पाणी' हा शब्द द्या. लांबी मोजणारं 'लेन' ४ सांगतं, यूटीएफ-८ मध्ये (मजकूर बाइटमध्ये साठवायची पद्धत) बाइट १२ होतात आणि आपल्याला अक्षरं दिसतात दोन. 'इजअल्फा' फक्त प आणि ण ला होकार देतं. काना आणि वेलांटी 'बाकीचं'मध्ये जातात. मात्रा वेगळ्या काढायच्या तर 'युनिकोडडेटा' मॉड्यूलची कॅटेगरी तपासा: अक्षरांची 'एल'ने सुरू होते, मात्रांची 'एम'ने. पण मात्रा वगळल्या, तरी 'क्ष' दोनच मोजला जातो, कारण हलन्त गळून क आणि ष उरतात. डोळ्यांना दिसतं तसं मोजायला ग्राफीम क्लस्टर (एकच अक्षर म्हणून दिसणारा गट) ओळखणारी लायब्ररी घ्या, आणि तीही ताजी. देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोड या लिप्यांच्या प्रमाणकाच्या १५.१ आवृत्तीत, २०२३ मध्ये आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारी लायब्ररी 'क्ष'चे दोन तुकडेच करते.

अंकांचंही तसंच. पायथॉनचं 'इजडिजिट' देवनागरी ५ ला होकार देतं आणि वर्गाच्या छोट्या ² लाही. स्ट्रिंगचा पूर्णांक करणारं 'इंट' मात्र ५ चालवून घेतं आणि ² वर एरर फेकतं. तिथे 'इजडेसिमल' वापरा.