आफ्रिकी सुतार मुंगळ्याची उपजाती आणि तिचा प्रदेश कसा पडताळावा

नमुन्यावरची चिठ्ठी वाचण्याआधी मुंगळा नीट पाहावा. सुतार मुंगळे कॅम्पोनोटस या प्रजातीत मोडतात. ती कीटकशास्त्रज्ञ मायर यांनी 1861 मध्ये स्थापली आणि तिच्यात आज हजाराहून अधिक जाती आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली कंबरेला एकच गाठ आणि उदराच्या टोकाला केसांच्या झालरीने वेढलेले बारीक गोल छिद्र दिसले, तर शोध योग्य उपकुलात, म्हणजे मुंग्यांच्या कुलातील योग्य पोटगटात, आला. शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, चेहऱ्याच्या पुढच्या पट्टीपासून थोड्या मागे उगवत असतील, तर कॅम्पोनोटसची शक्यता बळावते. एकाच वसाहतीत मोठ्या डोक्याचे आणि सडपातळ असे दोन्ही कामकरी असतात, त्यामुळे दोन्ही एकाच घरट्यातून गोळा करावेत. मोठ्याची तुलना परक्या घरट्यातल्या लहानाशी कधीही करू नये.

मग नाव उलगडावे. कॅम्पोनोटस मॅक्युलेटस या आफ्रिकी जातीच्या नावापुढे फाब्रिसियस, 1782 हा पहिले वर्णन करणाऱ्याचा आणि वर्षाचा उल्लेख कंसात असतो, कारण त्यांनी ती मूळ फॉर्मिका प्रजातीत नोंदवली होती. तिसरा शब्द आला की ती उपजाती. एमेरी, फोरेल, सांची या जुन्या मुंगी-अभ्यासकांच्या काळातील लेखनात चौथा शब्दही भेटतो. तो उपजातीहून खालच्या प्रकाराचा असल्याने, पुढे कोणी त्याला रीतसर दर्जा दिला नसेल तर ग्राह्य धरू नये.

खरी कसोटी प्रदेशाची आहे आणि माझ्या मते इथेच सर्वाधिक वेळ द्यावा. उपजाती म्हणजे एकाच जातीचा, वेगळ्या भूभागात राहणारा प्रकार. म्हणून दोन 'उपजाती' एकाच ठिकाणी, संकर न होता, शेजारी नांदत असतील, तर त्या स्वतंत्र जाती असण्याची शंका घ्यावी, आणि दोन्ही रंग एकाच घरट्यात सापडले तर तो निव्वळ रंगभेद समजावा. मॅक्युलेटसच्या उपजाती म्हणून नोंदवलेले कित्येक प्रकार पुढे स्वतंत्र जाती ठरले आहेत.

नकाशा भरताना मूळ वर्णनाचा नमुना जिथे मिळाला ती जागा आधी, वेगळ्या खुणेने दाखवावी. जुन्या चिठ्ठ्यांवरचे दाहोमी म्हणजे आजचे बेनिन आणि बेल्जियन काँगो म्हणजे काँगोचे लोकशाही प्रजासत्ताक. ऱ्होडेशिया मात्र उत्तरेचा असेल तर झांबिया, दक्षिणेचा असेल तर झिंबाब्वे, आणि दिशाच लिहिलेली नसेल तर नोंद संदिग्ध म्हणून बाजूला ठेवावी. नकाशावर मोकळी राहिलेली जागा मुंगळा तिथे नसल्याचा पुरावा मानू नये, कारण पुष्कळदा तिथे कोणी गोळा करायला गेलेलेच नसते.