मॉडेलमध्ये सेटिंग वाचताना

देवगडच्या एका बागायतदाराची हापूस बुकिंगची साइट मी लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये केली होती. आगाऊ रक्कम २५ टक्के. हा आकडा ऑर्डरच्या मॉडेलमध्ये, म्हणजे डेटाबेसातली ऑर्डर हाताळणाऱ्या क्लासमध्ये, थेट एन्व्ह फंक्शनने डॉट एन्व्ह या सेटिंग्जच्या फाइलमधून वाचला. लॅपटॉपवर सगळं झकास. सर्व्हरवर कॉन्फिग कॅश करायची (सगळ्या सेटिंग्ज एका तयार फाइलीत साठवायची) कमांड चालवली आणि ऐन एप्रिलात पेट्या शून्य आगाऊवर बुक व्हायला लागल्या! कॅश झाल्यावर लारावेल डॉट एन्व्ह फाइल उघडतच नाही, एन्व्ह फंक्शन नल, म्हणजे रिकामी किंमत, देतं आणि पीएचपी गुणाकारात नलला मुकाट्याने शून्य मानतं.

तेव्हा एन्व्ह फक्त कॉन्फिग फोल्डरमधल्या फाइलींत वापरा, मॉडेलमध्ये कॉन्फिग फंक्शन. आकडा बदललात की कॅश पुन्हा बनवा.

जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कमध्ये मेख वेगळी. सेटिंग्ज घ्यायच्या त्या जँगो डॉट कॉन्फमधून, आपल्या सेटिंग्ज फाइलमधून थेट नाही. फील्डच्या डिफॉल्टला सेटिंग लिहिलीत तर ती क्लास लोड होताना एकदाच वाचली जाते, वर मायग्रेशनमध्ये (डेटाबेसाच्या रचनेतले बदल नोंदवणाऱ्या फाइलीत) नुसता आकडा होऊन बसते. टेस्टमध्ये सेटिंग बदलून बघा, फील्ड ढिम्म! त्यापेक्षा सेटिंग वाचणारं छोटं फंक्शन लिहा आणि डिफॉल्टला त्याचं नाव द्या, कंस न लावता.

फ्लास्क या पायथनच्याच फ्रेमवर्कमध्ये सेटिंग करंट ॲपमधून, म्हणजे चालू ॲपच्या दुव्यातून, मेथडच्या आतच वाचा. क्लासमध्ये वरच लिहिलंत तर ॲप्लिकेशन काँटेक्स्ट नसल्याची एरर येते.

आणि पेटीचा दर? तो वाशीच्या बाजाराबरोबर हलतो. त्याची जागा डेटाबेसात, कॉन्फिगमध्ये नाहीच.