अनवाणी पळताय? मग या चुका टाळा

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर सकाळी बूट हातात धरून पळणारे एक-दोघे तरी दिसतातच. विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'गुडघा दुखायचा, बूट काढले, थांबला.' यात तथ्य आहे. हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांच्या चमूने २०१० मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिलं, की सवयीने अनवाणी पळणारे बहुतेक जण चवड्यावर उतरतात आणि टाच आपटल्यावर बसणारा पहिला झटका त्यांना जवळपास बसत नाही. गुडघ्यावरचा भारही कमी होतो. पण तो भार जातो कुठे? पोटऱ्यांवर, टाचेमागच्या अकिलीस टेंडनवर आणि बोटांमागच्या लांब, बारीक हाडांवर. डॉक्टर सावध करतात ते यासाठीच.

सगळ्यात महागात पडते ती घाई. बुटांत दहा किलोमीटर सहज होतात, म्हणून अनवाणी पाच तरी व्हायलाच हवेत, हा हिशेबच चुकीचा. दम आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाडाला महिने लागतात. नव्या भाराने हाड आधी थोडं झिजतं, मग भरून येतं. त्यामुळे 'आता जमलं बुवा' असं वाटू लागतं, नेमकं तेव्हाच ते कच्चं असू शकतं. २०१३ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात सराईत धावपटूंना दहा आठवडे हळूहळू पातळ तळाच्या बुटांची सवय लावली. तरीही निम्म्याहून अधिक जणांच्या पायाच्या हाडांत एमआरआयवर सूज वाढलेली दिसली. म्हणून आधी काही आठवडे घरात आणि मैदानावर नुसतं अनवाणी चाला, पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली करा. मग नेहमीच्या धावण्याच्या शेवटी तीन-चारशे मीटर, तेही एक दिवस आड.

'टाच टेकवायचीच नाही' हे आणखी एक खूळ. चवड्यावर उतरलात तरी टाच अलगद खाली येऊ द्या; सतत ताणलेली पोटरी दुसऱ्या दिवशी जिना उतरू देत नाही. उत्तर केनियातले दासनाच लोक जन्मभर अनवाणी वावरतात, पण मध्यम वेगात त्यांतले बहुतेक टाचेवरच उतरतात. पाऊल जवळ टाका आणि पावलांचा आवाज होऊ देऊ नका. एवढं पुरतं.

आपल्याकडचा खास युक्तिवाद: 'वणीच्या गडावर अनवाणी चालत गेलो, काही झालं नाही.' चालताना पायावर शरीराच्या वजनाहून थोडाच जास्त भार येतो, पळताना अडीच पटीच्या आसपास. धावपटू कविता राऊत यांचं नावही हमखास निघतं. सावरपाड्यात त्या लहानपणापासून अनवाणी पळाल्या. चाळीस वर्षं ऑफिसच्या बुटांत वावरलेल्या पायाशी तुलना कशी होणार?

दुखण्याकडे दुर्लक्ष नको, पण दुखणं ओळखता यायला हवं. पोटरी दोन दिवस सगळीकडून अवघडली तर ते सरावाचं दुखणं. पायाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मागे अंगठ्याने दाबून पाहा. एकाच ठिकाणी कळ येत असेल आणि दर धावेगणिक वाढत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका धरा. पळणं थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. त्या भरवशावर पुन्हा पळायला लागणारे पुढे दीड-दोन महिने घरी बसतात.

जागेचं म्हणाल तर सपाट, डोळ्यांना स्वच्छ दिसणारी जमीन हवी. गोदाकाठच्या गवतात काचा दिसत नाहीत, मळ्याच्या बांधावर बाभळीचे काटे, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारचं डांबर तळवे भाजून काढतं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. दहा वर्षं उलटली असतील तर घेऊन टाका. पावसाळ्यात उघड्यावर शौच होत असलेल्या ओल्या मातीत हुकवर्म या आतड्यातल्या कृमीच्या अळ्या कातडीतून शिरतात, तिथे बूटच बरे.

आणि मधुमेह असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा तळव्याची संवेदना कमी झाली असेल, तर हा प्रयोग करूच नका. काच घुसली तरी कळत नाही. मोज्याला रक्त लागलेलं दिसतं तोवर जखम चिघळलेली असते. संवेदना शाबूत आहे की नाही हे डॉक्टर नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून पाच मिनिटांत सांगतात.