पहाटे मोटर चालू करून परत झोपलो आणि स्वप्नात जागा झालो: ल्युसिड ड्रीमची सुरुवात कशी करायची

माझं एक स्वप्न लहानपणापासूनचं आहे. भुसावळ स्टेशन, गाडी सुटायला लागलीय, बॅग हातात, पायात चप्पल नाही आणि जिना काही संपतच नाही. दरवेळी घामाघूम होऊन उठायचो. दोन वर्षांपूर्वी त्याच जिन्यावर मला पहिल्यांदा कळलं की अरे हे तर स्वप्न आहे, मग मी थांबलो, पायरीवर निवांत बसलो आणि गाडी जाऊ दिली. तेव्हा जे वाटलं ना भो, त्यासाठीच हे सगळं लिहितोय.

स्वप्न चालू असतानाच हे स्वप्न आहे असं कळणं म्हणजे ल्युसिड ड्रीम. यात मंत्रतंत्र काही नाही. १९७५ मध्ये इंग्लंडात हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्ली नावाच्या माणसाला प्रयोगशाळेत झोपवलं होतं, त्याने आधी ठरल्याप्रमाणे स्वप्नातून डोळे डावीउजवीकडे फिरवून खूण दिली आणि ती मशीनवर उमटली. डोळेच का, तर स्वप्नं पडतात त्या झोपेत बाकी अंग ढिलं पडलेलं असतं, डोळे तेवढे हलतात. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी पण हेच दाखवलं आणि शिकायची पद्धत बसवली.

आता कामाचं. पहिले एक वही घ्या, उशाशी ठेवा. लोक हीच पायरी गाळतात आणि मग म्हणतात जमत नाही. स्वप्नच आठवत नसेल तर त्यात जागं झालो होतो हे तरी कसं आठवणार? जाग आली की हलायचं नाही, मोबाईल घ्यायचा नाही, डोळे मिटून आत्ता कुठे होतो एवढंच आठवायचं, शेवटचा तुकडा सापडला की त्याच्या मागचा ओढून काढायचा, मग लिहायचं. नुसतं "केळीचा बाग, कोणीतरी रडत होतं" एवढंच आठवलं तरी लिहा. दोन-तीन आठवड्यांनी वही मागून वाचा, काही गोष्टी परत परत दिसतील. माझ्या वहीत स्टेशन होतं, आजीच्या जुन्या घराचा धाबा म्हणजे मातीचं सपाट छत होतं आणि बंद पडलेली मोटरसायकल. ह्याच तुमच्या खुणा.

दिवसा काय करायचं तर स्वतःला विचारायचं, मी आत्ता स्वप्नात आहे का? आणि खरोखर तपासायचं. नाक चिमटीत दाबून श्वास घ्या, स्वप्नात बऱ्याचदा तरीही श्वास जातो. नाहीतर कुठलीही पाटी वाचा, नजर हटवा, परत वाचा, स्वप्नात अक्षरं बदलतात. मी हे लाईट गेली की करायचो, आपल्याकडे लाईट जायची काही कमी नाही. पण मनापासून विचारा, सवयीने नाक दाबलं तर स्वप्नातही सवयीनेच दाबाल आणि पुढे निघून जाल.

खरी किल्ली पहाटेची झोप आहे. झोप साधारण ९०-९० मिनिटांच्या फेऱ्यांत चालते आणि जसजशी पहाट होते तसतसा त्यातला स्वप्नांचा भाग लांबत जातो. म्हणून पाच-साडेपाच तास झोपून उठायचं, वीस-तीस मिनिटं जागं राहायचं, परत झोपायचं. मला हे आमच्या यावलकडच्या शेतीने शिकवलं म्हणा ना. आठवडाभर रात्रीची लाईट होती, साडेतीनला उठून मोटर चालू करायला जायचो, केळीला पाणी लावून येऊन आडवा व्हायचो आणि त्याच आठवड्यात तो जिना आला. परत झोपताना मनात घोळवायचं, "आता स्वप्न पडलं की मला कळेल हे स्वप्न आहे", आणि नुकतंच पडलेलं स्वप्न डोळ्यापुढे आणून त्यात खूण दिसते, मला कळतं, असं बघत बघत झोपायचं. लाबर्ज यांची पद्धत हीच.

कळल्यावर आनंदाने उडी मारू नका, लगेच जाग येते. माझं पहिलं काही सेकंदच टिकलं. स्वप्नातले दोन्ही हात एकमेकांवर चोळा, भिंतीला हात लावा, सावकाश बघा, मग ते टिकतं.

आठवड्यातून दोनदाच करा, रोज झोप मोडायची नाही. मे महिन्यात तर करूच नका, ४५ डिग्रीत आधीच झोप धड लागत नाही. कधी कधी जाग येते पण अंग हलत नाही, आपल्याकडे छातीवर काहीतरी बसलं म्हणतात. ते भूत नाही, अंग अजून स्वप्नाच्या झोपेतून सुटलेलं नसतं, शांत श्वास घेत राहा, थोड्या वेळात सुटतं. आणि ज्याला खरं-खोटं वेगळं करायचा त्रास आहे, मानसिक आजाराचं औषध चालू आहे, त्याने आधी डॉक्टरला विचारा.

मला सुरुवातीपासून जवळपास दोन महिने लागले. आणि स्वप्नात काय करायचं ते आधी ठरवून ठेवा, नाहीतर तिथे सुचत नाही. मी ठरवलं होतं की पुढच्या वेळी त्या गाडीत बसायचं, जाते तरी कुठे बघू. बसलो. गाडी आजीच्या घरासमोर थांबली, आजी धाब्यावर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होती, मी हात चोळत चोळत वर गेलो.