बटण एका फाईलमध्ये, हिशेब दुसऱ्या फाईलमध्ये

एका फाईलमधलं बटण दाबून दुसऱ्या फाईलमधला पायथन कोड कसा चालवायचा? समजा, देवगडातल्या आंब्याच्या पॅकिंग शेडसाठी बिलाचा छोटा प्रोग्राम हवाय. पेट्या आणि दराचा हिशेब ‘हिशेब’ या पायथन फाईलमध्ये, टीकेइंटरची (पायथनची खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) खिडकी आणि बटण ‘खिडकी’ या फाईलमध्ये. (नावं आणि कोड इथे मराठी लिपीत दिलाय, टाईप इंग्रजीतच करा.) दोन्ही फाईली एकाच फोल्डरमध्ये हव्यात. नावात स्पेस किंवा आडवी रेघ आली की इम्पोर्ट (दुसऱ्या फाईलमधला कोड आणणं) अडतं. आणि आपल्या फाईलला टीकेइंटर हेच नाव देऊ नका. पायथन मूळ लायब्ररी सोडून तुमचीच फाईल उचलतो.

हिशेबाचा सगळा कोड ‘पेटीबिल’ नावाच्या फंक्शनमध्ये घाला, शेवटी उत्तर रिटर्न करा. फंक्शनबाहेर मोकळा ठेवलेला कोड इम्पोर्ट होताक्षणी चालतो. पुढे बटण दाबून तीच फाईल पुन्हा इम्पोर्ट केली तरी तो चालत नाही, कारण एकदा आणलेलं मॉड्यूल (म्हणजे ती फाईल) पायथन जपून ठेवतो.

आता खिडकीच्या फाईलमध्ये ‘फ्रॉम हिशेब इम्पोर्ट पेटीबिल’ लिहा आणि ‘दाखवा’ नावाचं फंक्शन करा: पेट्या आणि दर भरायच्या दोन्ही एंट्रींतला (चौकटींतला) मजकूर गेटने घ्या, इंटने आकडा करा, पेटीबिलला द्या, आलेलं उत्तर कॉन्फिगने लेबलवर टाका. हे मधलं फंक्शन टाळू नका. पेटीबिल थेट बटणाला जोडलंत तर त्याला आकडेच मिळत नाहीत, आणि फंक्शनने रिटर्न केलेलं उत्तर बटण वायाच घालवतं. पेट्यांना इंट लावून दराला विसरलात, तर दर मजकूरच राहतो आणि तीनदा जोडला जाऊन १५०० दराने ३ पेट्यांचं बिल १५००१५००१५०० येईल! देवनागरी अंक मात्र बिनधास्त टाका, इंटला ते कळतात.

बटणात लिहायचं ‘कमांड=दाखवा’. पुढे कंस नाही. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो: कंस लावला की फंक्शन बटण तयार होतानाच चालतं, कमांडच्या हाती ‘नन’ (म्हणजे काहीच नाही) उरतो, मग बटण कितीही दाबा, ढिम्म. फंक्शनला काही पाठवायचं असेल तर लॅम्ब्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) वापरा. ४, ५, ६ डझनांच्या पेट्यांची बटणं लूपमध्ये केलीत तर ‘लॅम्ब्डा ड=ड:’ असं लिहा (ड म्हणजे लूपमधला डझनांचा आकडा), नाहीतर तिन्ही बटणं ६ डझनच धरतात.

दुसरी फाईल स्वतंत्र प्रोग्राम असेल, तिला स्वतःची खिडकी असेल, तर इम्पोर्ट नको. सबप्रोसेस या पायथनच्या मॉड्यूलमधलं पोपेन घ्या, त्याला सिस.एक्झिक्युटेबल (चालू पायथनचा पत्ता) आणि फाईलचा पूर्ण पत्ता द्या. पोपेनऐवजी रन वापरलंत तर दुसरा प्रोग्राम संपेपर्यंत पहिली खिडकी गोठून बसते.

बटण दाबून काहीच होत नसेल तर प्रोग्राम टर्मिनलमधून चालवून बघा. टीकेइंटर चूक तिथे छापतो आणि खिडकी मात्र उघडीच ठेवतो. डबल क्लिकने पायथन-डब्ल्यूमध्ये (टर्मिनल न उघडणारा पायथन) उघडलंत तर ती चूक दिसतच नाही.