मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जायच्या आधी घरात मोजायची टेप शोधा

आमच्या इंदूरच्या रामबागेत मागच्या दोन-तीन वर्षांत इतक्या जणांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत की कोणाकडे हळदीकुंकवाला गेलं तरी हाच विषय निघतो, आणि प्रत्येकीचा पहिला प्रश्न एकच, "कोणती लेन्स टाकली गं, कितीची?" माझं म्हणणं आहे की किंमत नंतर विचारा, आधी हे बघा की ज्यांचं ऑपरेशन आहे ते माणूस दिवसभर काय करतं आणि ते किती अंतरावरून करतं. आमच्या आत्याच्या वेळेस हे कोणी विचारलं नाही, म्हणून एवढं लिहितेय.

आत्याला लहानपणापासून मायनस तीनचा नंबर. बाहेर जाताना चष्मा, पण पोथी, शिवण, तांदूळ निवडणं सगळं चष्मा काढून करायची. ऑपरेशन छान झालं, जखम नाही, दुखणं नाही, दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचून दाखवलं, सगळे खूश. घरी येऊन संध्याकाळी पोथी उघडली तर एक अक्षर लागेना. तिला वाटलं डोळा गेला, रडायलाच लागली. झालं होतं असं की लेन्सचा नंबर लांबचं दिसेल असा शून्यावर ठेवला होता, म्हणजे साठ वर्षं जे बिनचष्म्याचं दिसत होतं तेच गेलं. डॉक्टरांच्या हातून चूक झाली नव्हती, पण आधी कोणीतरी बसून तिला विचारायला हवं होतं, याचा मला अजून राग आहे.

म्हणून आईच्या वेळेस मी टेप घेऊन बसले. "आई, अशीच बस, हलू नकोस" म्हणून पोथी वाचताना डोळ्यापासून पानापर्यंत मोजलं, १५ इंच. वाती वळताना १३, ओट्याशी उभी असताना गॅसपर्यंत २२, टीव्ही ९ फूट. कागदावर लिहिलं आणि खाली लिहिलं की गाडी चालवत नाही, रात्री एकटी बाहेर पडत नाही, दिवसातले तीन-चार तास जवळचं काम. हा कागद डॉक्टरांच्या समोर ठेवा, काउन्सेलरच्या नाही, कारण काउन्सेलर पॅकेज सांगतात आणि नंबर कुठे ठेवायचा ते डॉक्टर ठरवतात. "आमचा नंबर कुठे ठेवणार?" एवढं वाक्य पाठच करून जा. आईलाही आत्यासारखाच मायनस होता, डॉक्टरांनी कागद बघितला आणि स्वतःच म्हणाले की जवळचा ठेवू. अडीचचा मायनस ठेवला की साधारण ४० सेंटिमीटरवर, म्हणजे सोळा इंचाच्या आसपास स्वच्छ दिसतं. आई आता टीव्हीला चष्मा लावते, जसा पन्नास वर्षं लावत होती, आणि पोथी चष्म्याशिवाय वाचते. लेन्स अगदी साधी मोनोफोकल.

आता लेन्सचे प्रकार. मोनोफोकल म्हणजे एकाच अंतरावर स्वच्छ, बाकीच्याला चष्मा. बहुतेकांना हीच बसते आणि नजर सगळ्यात टवटवीत हीच देते. टॉरिक म्हणजे ज्यांना सिलिंडरचा, म्हणजे तिरका नंबर आहे त्यांच्यासाठी, पण चष्म्यातला सिलिंडर बघून ठरवू नका, बुबुळाचा किती आहे ते मशीनवर मोजतात आणि तो साधारण एकच्या वर असेल तर टॉरिकचा खरा उपयोग. ही लेन्स आत ठराविक कोनातच बसावी लागते, १० अंश जरी फिरली तरी तिचा जवळजवळ एक तृतीयांश फायदा जातो, म्हणून टाकणारा हात सवयीचा हवा. मल्टिफोकल आणि ट्रायफोकलमध्ये येणारा उजेड दोन-तीन अंतरांत वाटला जातो, त्यामुळे चष्मा बराच सुटतो, पण रात्री दिव्यांभोवती गोल वलयं दिसतात आणि अंधुक उजेडात जरा फिकं वाटतं. रात्री बायपासवर गाडी चालवणाऱ्याने हे नीट विचार करून घ्यावं. आणि डोळ्याच्या पडद्याला शुगरचा त्रास असेल किंवा काचबिंदूने नजर आधीच कमी झाली असेल तर ही लेन्स घेऊ नका, कोणी कितीही आग्रह केला तरी आधी पडद्याची तपासणी करून घ्या. यांच्या मधली एक असते, ईडॉफ, लांबचं आणि हाताच्या अंतरावरचं म्हणजे कॉम्प्युटर-स्वयंपाक चांगलं दिसतं, बारीक अक्षराला छोटा चष्मा लागतो.

आईने एक प्रश्न विचारला होता तो बऱ्याच म्हाताऱ्या माणसांच्या मनात असतो, की प्लास्टिक डोळ्यात टिकेल का, सडणार नाही ना? तिला मी सांगितलं ते असं, की दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे परस्पेक्स नावाच्या प्लास्टिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात घुसले आणि डोळ्याने ते मुकाट सहन केले, हे हॅरॉल्ड रिडली नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी पाहिलं आणि त्यावरून १९४९ साली लंडनला पहिली लेन्स बसवली. आताची लेन्स मऊ घडीची असते, अडीच मिलिमीटरच्या आसपासच्या छेदातून आत जाते आणि बदलावी लागत नाही. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुरकट दिसायला लागलं तर लेन्स खराब झाली असं नसतं, तिच्या मागच्या पिशवीवर जाळी येते, ती लेझरने काही मिनिटांत साफ होते.

"पिकू द्या, मग करू" हे जुनं झालं. फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो आणि काढायला अवघड जातो. रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसायला लागले, नंबर सारखा बदलायला लागला की दाखवा. आणि हो, सत्तरीत अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचता यायला लागला तर देवाची कृपा म्हणून बसू नका, तीही मोतीबिंदूची खूण असू शकते. थंडीतच करायचं असंही काही नाही, पण इंदूरात राहत असाल तर रंगपंचमीच्या तोंडावर तारीख घेऊ नका. राजवाड्याला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा रंग गच्चीवर बसलेल्या माणसापर्यंत येतो आणि ताज्या डोळ्यात तो जायला नको.

जायच्या आधी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पानं पिशवीत घालून न्या. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असतील किंवा पूर्वी कधी घेतलं असेल तर ते नक्की सांगा, त्याने ऑपरेशनच्या वेळेस बाहुली नीट मोठी होत नाही आणि डॉक्टरांना आधी माहीत असेल तर ते तयारी ठेवतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. पूर्वी लेझिक, म्हणजे चष्मा घालवायचं लेझरचं ऑपरेशन, झालं असेल तर तेही सांगा, नाहीतर लेन्सचं गणित चुकतं. डोळ्याची लांबी मोजण्यात एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर नंबर अडीच-तीनने चुकतो, म्हणून मोजणीच्या वेळेस पेशंटला घाई करू नका, शांत बसू द्या.

पैशाचं म्हणाल तर ७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान कार्ड २०२४ पासून उत्पन्न न बघता निघतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत, ते आधी काढून घ्या. पण महागडी लेन्स त्यात बसेल असं धरून चालू नका, हॉस्पिटलमध्ये लेखी विचारा. खाजगी पॉलिसीत मोतीबिंदूला बहुतेक दोन वर्षं थांबावं लागतं आणि रकमेची मर्यादाही असते.

ऑपरेशन वीसेक मिनिटांचं, थेंबांची भूल असेल तर सुईसुद्धा नाही. खरं काम नंतरचं. थेंब दिवसातून चार-सहा वेळा, मग हळूहळू कमी करत चार-सहा आठवडे. मी फ्रिजवर तक्ता चिकटवला होता आणि आई प्रत्येक वेळेला पेन्सिलने बरोबरची खूण करायची, दोन थेंबांत पाच मिनिटं सोडायची. हात साबणाने धुवून, बाटलीचं तोंड पापणीला न लावता. आधीपेक्षा जास्त दुखायला लागलं, लाली वाढली, नजर कमी झाली तर उद्या सकाळची वाट पाहू नका, त्याच तासाला जा, जंतुसंसर्गात तासांनी फरक पडतो. विजेसारखं चमकलं किंवा काळे ठिपके एकदम वाढले तरी तेच, मोठ्या मायनसवाल्यांनी तर जास्तच लक्ष ठेवा.

दुसऱ्या डोळ्याची घाई करू नका. पहिल्याचा नंबर स्थिर झाल्यावर किती आला ते बघून दुसऱ्याचा ठरवता येतो, आईच्या दुसऱ्या डोळ्याला डॉक्टरांनी पाव नंबरने बदल केला तो असाच. लेन्सचं स्टिकर लावलेलं कार्ड मिळतं, त्यावर पॉवर आणि मॉडेल असतं, त्याचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. आत्याचं कार्ड सापडत नाहीये, तिच्या दुसऱ्या डोळ्याची मोजणी पुढच्या आठवड्यात आहे आणि आम्ही अजून कपाट उपसतोय.