सौर घराचे वार्षिक वीजबिल कसे वाचावे

छतावर सौर पॅनेल असलेल्या घराचे बिल एका महिन्यावरून जोखू नये, कारण उन्हाच्या महिन्यांतील शिल्लक युनिट ढगाळ महिन्यांत वळती होतात आणि खरा हिशेब वीज कंपनीच्या हिशेबी वर्षाच्या अखेरीसच लागतो.

बिलात प्रथम तीन आकडे शोधावेत: ग्रिडमधून (वीज कंपनीच्या जाळ्यातून) घेतलेली युनिट, ग्रिडला दिलेली युनिट आणि मागील शिल्लक. समजा, ३०० युनिट घेतली, २२० दिली आणि ५० शिल्लक होती, तर आकारणी ३० युनिटांचीच होते. स्थिर आकार मात्र शून्य वापरातही द्यावा लागतो. इन्व्हर्टरवर (पॅनेलची वीज घरी वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्रावर) दिसणारे उत्पादन आणि बिलातील निर्यात (ग्रिडला दिलेली युनिट) यांत तफावत दिसली, तरी घाबरू नये. त्यांतील फरक म्हणजे घरातच थेट वापरलेली वीज होय, जी बिलात कुठेही दिसत नाही.

या हिशेबी वर्षाच्या अखेरीचा दिवस मात्र नीट पाहावा. त्या दिवशी उरलेल्या युनिटांचा मोबदला अनेक ठिकाणी आपण ग्रिडमधून वीज घेतो त्या दरापेक्षा बराच कमी मिळतो, तर काही योजनांत ती रद्दच होतात; म्हणून दरवर्षी मोठी शिल्लक राहत असल्यास पॅनेल वाढवण्याऐवजी धुलाई, पाणी तापवणे यांसारखी कामे दुपारी उरकणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. पुढील वर्षाच्या पहिल्या बिलात सुरुवातीची शिल्लक नियमानुसार शून्य झाली आहे का, हेही तपासावे.